झीरोएमक्यूवरचं मल्टिकास्ट: मेसेज नेमके कुठे गळतात?

अनवट
एका पब्लिशरकडून चाळीस यंत्रांना सेन्सरांची मोजमापं पोचवायची आहेत. मेसेज साधारण ८०० बाइटचा आणि सेकंदाला हजार मेसेज, म्हणजे ६.४ मेगाबिट. आज झीरोएमक्यू या मेसेज पाठवण्याच्या लायब्ररीचं टीसीपीवरचं (प्रत्येक यंत्राशी वेगळी जोडणी) पब-सब विनातक्रार चालतंय, म्हणजे एक पब्लिशर पाठवतो आणि अनेक सबस्क्रायबर घेतात. पण पुढच्या टप्प्यात मोजमापं पाचपट होणार आहेत. ३२ मेगाबिट गुणिले ४० केले की १२८० मेगाबिट होतात, आणि पब्लिशरची तार गिगाबिटची आहे. एकच मजकूर त्याच तारेवरून चाळीसदा ढकलण्यापेक्षा मल्टिकास्ट बरं (एकदाच पाठवायचं, प्रती स्विचने करायच्या), म्हणून लिबझेडएमक्यू (झीरोएमक्यूची मूळ लायब्ररी) ओपनपीजीएमसकट बिल्ड करून ईपीजीएम, म्हणजे पीजीएम या मल्टिकास्ट प्रोटोकॉलचं यूडीपीवरचं रूप, लावलं. पत्ता असा: ईपीजीएम://एथ०;२३९.१९२.१.१:५५५५

दोन त्रास होताहेत.

पहिला: सबस्क्रायबरला सेकंदाला हजाराच्या जागी पंधराच्या आसपास मेसेज मिळतात. पब्लिशरकडे एकही एरर नाही, प्रत्येक सेंड यशस्वी होतो. मेसेजमध्ये आम्ही स्वतःचा अनुक्रमांक घालतो, त्यात मोठमोठ्या उड्या दिसतात.

दुसरा: काही यंत्रं चालू केल्यावर चार-सव्वाचार मिनिटांनी एकदम गप्प होतात. प्रोसेस बंद करून पुन्हा सुरू केली की परत तेवढाच वेळ चालतात.

पीजीएम हे रिलायबल मल्टिकास्ट आहे ना? मग हरवलेलं परत का मागवलं जात नाही? आणि मुळात या कामाला मल्टिकास्ट घ्यावं की दुसरा रस्ता धरावा?

बिनधागा
झेडएमक्यू_रेट, म्हणजे मल्टिकास्ट पाठवण्याचा कमाल वेग, किती ठेवलाय?

अनवट
काहीच ठेवलेला नाही. डीफॉल्ट आहे तोच.

बिनधागा
मग पहिला त्रास सुटला म्हणून समजा. मल्टिकास्टसाठी तो डीफॉल्ट १०० किलोबिट प्रति सेकंद आहे. किलोबाइट नव्हे, किलोबिट. तुमचा एक मेसेज ६४०० बिटांचा. भागाकार करा, पंधराच येतात.

आता उड्या का दिसतात ते. पब्लिशर सेकंदाला हजार मेसेज सॉकेटमध्ये टाकतोय आणि तारेवर पंधराच जाताहेत. उरलेले रांगेत साठतात. त्या रांगेची मर्यादा म्हणजे झेडएमक्यू_एसएनडीएचडब्ल्यूएम, तिचा डीफॉल्ट १००० मेसेज. सेकंदभरात रांग भरते. पब सॉकेट रांग भरल्यावर थांबत नाही, एरर देत नाही, नवा मेसेज सरळ टाकून देतो. पबचं वागणं टीसीपीवरही हेच आहे, फक्त तिथे वेगाला असा कृत्रिम बांध नसल्यामुळे ते तुम्हाला कधी दिसलं नाही.

म्हणजे तुमचे मेसेज नेटवर्कवर हरवलेलेच नाहीत. ते तारेवर गेलेच नाहीत. जे पीजीएमच्या हाती लागलंच नाही ते पीजीएम परत कुठून आणणार?

रेट वाढवा, आणि तो बाइंड किंवा कनेक्टच्या (सॉकेट पत्त्याला जोडण्याच्या) आधी सेट करा, नंतर केलात तर त्या जोडणीला लागू होत नाही. दोन्ही बाजूंना सेट करायचा, कारण सबस्क्रायबरची पुनर्प्राप्तीची खिडकीही (हरवलेलं परत मिळवण्यासाठी किती मागचा डेटा धरून ठेवायचा ते) याच आकड्यावरून ठरते.

सायंतारा
बिनधागा यांना अनुमोदन. इतका कमी डीफॉल्ट का, यावर एक टीप. पीजीएममध्ये, निदान या लायब्ररीत जसं वापरलं जातं त्यात, गर्दी ओळखून वेग कमी करणारी यंत्रणा नाही. टीसीपी तार कोंडली की आपोआप आवरतं घेतं. इथे तुम्ही सांगाल त्या वेगाने पॅकेटं सुटतात, समोर रस्ता असो वा नसो. मोठा आकडा डीफॉल्ट ठेवला असता तर एखाद्या हलक्या नेटवर्कवर कुणीतरी नकळत सगळ्यांची वाट अडवली असती. मला तो सावधपणा योग्य वाटतो, पण दस्तऐवजात तो ठळकपणे, पहिल्याच पानावर यायला हवा होता.

ढोबळमान
वाचतोय. मल्टिकास्टची नुसती भीती वाटत आली आहे, या निमित्ताने कळेल.

पाऊलखूण
मूळ प्रश्नातला 'हरवलेलं परत का मागवलं जात नाही' हा भाग महत्त्वाचा आहे. तो नीट उलगडतो, कारण बरेच जण पीजीएमकडून टीसीपीसारखी अपेक्षा ठेवतात.

पीजीएम आरएफसी ३२०८ या इंटरनेट प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात आहे, डिसेंबर २००१ चा, आणि त्याचा दर्जा प्रायोगिक. त्यात दिलेलं वचन इतकंच आहे: समूहातल्या ग्राहकाला एकतर सगळी पॅकेटं मिळतील, नाहीतर भरून न निघणारी गळती झाली हे त्याला ओळखता येईल. 'सगळं नक्की पोचेल' असं कुठेही म्हटलेलं नाही.

काम कसं चालतं ते बघा. पाठवणारा प्रत्येक डेटा पॅकेटला अनुक्रमांक देतो आणि कुणाच्याही पोचपावतीची वाट पाहत नाही. चाळीस जणांनी प्रत्येक पॅकेटची पावती पाठवली असती तर पावत्यांनीच पब्लिशर गुदमरला असता. त्याऐवजी ज्याला मधला अनुक्रमांक मिळाला नाही त्याने बोलायचं, म्हणजे नॅक ('मिळालं नाही' असा निरोप) पाठवायचा. पण एखादं पॅकेट वरच्याच स्विचवर पडलं तर चाळीसही जण एकदम बोलतील. म्हणून प्रत्येक जण आधी थोडा यादृच्छिक वेळ थांबतो. पहिला नॅक पोचला की पाठवणारा एनसीएफ नावाची पुष्टी संपूर्ण समूहाला मल्टिकास्ट करतो, ती ऐकून बाकीचे आपला नॅक गिळून टाकतात. मग दुरुस्तीचं पॅकेट येतं, तेही सगळ्यांनाच.

शेवटचंच पॅकेट हरवलं तर? पुढचा क्रमांक आल्याशिवाय गळती कळणार कशी? त्यासाठी पाठवणारा अधूनमधून एसपीएम नावाचं पॅकेट पाठवतो, त्यात त्याच्या खिडकीची, म्हणजे अजून जपून ठेवलेल्या पॅकेटांची, दोन्ही टोकं लिहिलेली असतात.

आता खिडकी. पाठवणारा जुनी पॅकेटं ठरावीक काळच जपून ठेवतो. तो काळ म्हणजे झेडएमक्यू_रिकव्हरी_आयव्हीएल, डीफॉल्ट १०,००० मिलिसेकंद. खिडकी पुढे सरकली की त्या पॅकेटाची दुरुस्ती मिळणं संपलं.

आणि आता लायब्ररीतली ग्यानबाची मेख. भरून न निघणारी गळती झाली की लिबझेडएमक्यू त्या पाठवणाऱ्याचा अर्धवट डीकोडर (पॅकेटांतून मेसेज जुळवणारा भाग) टाकून देते आणि पुढच्या मेसेजच्या सुरुवातीपासून पुन्हा जुळते. ती सुरुवात सापडावी म्हणून प्रत्येक पॅकेटच्या आरंभी १६ बिटांचा ऑफसेट असतो, पहिला नवा मेसेज कुठे सुरू होतो ते सांगणारा. सगळं व्यवस्थित. फक्त तुमच्या प्रोग्रामला यातलं काहीही कळवलं जात नाही. आरएफसी म्हणते गळती ओळखता येईल, आणि ती खाली ओळखलीही जाते, पण ती बातमी वर तुमच्यापर्यंत येत नाही.

म्हणून अनवट, तुम्ही मेसेजमध्ये स्वतःचा अनुक्रमांक घालताय ते उत्तम. तो कधीही काढू नका.

सायंतारा
पाऊलखूण, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

खटपट्या
मी वेगळं मत मांडतो. चाळीस ग्राहकांसाठी मल्टिकास्ट लागतच नाही. पब्लिशरकडून चार मध्यस्थांकडे टीसीपी, प्रत्येक मध्यस्थ एक्सएसयूबी-एक्सपब प्रॉक्सी (आलेलं खाली पुढे देणारा प्रोग्राम), त्याच्याखाली दहा यंत्रं. पब्लिशरच्या तारेवर ३२ गुणिले ४ म्हणजे १२८ मेगाबिट, प्रत्येक मध्यस्थाच्या तारेवर ३२०. गिगाबिटमध्ये आरामात बसतं. स्विचमध्ये काही सेट करायला नको, ओपनपीजीएम बिल्ड करायला नको. टीसीपीवर सबस्क्रिप्शन वर पब्लिशरपर्यंत पोचतं, त्यामुळे ज्याला जे हवं तेच त्याच्याकडे जातं. पीजीएममध्ये सबस्क्रिप्शन उलट दिशेला पाठवण्याची सोयच नाही. सगळा डेटा सगळ्यांकडे येतो आणि गाळणी ग्राहकाच्या यंत्रावर लागते.

आणखी एक. उद्या ही यंत्रणा क्लाउडवर न्यायची म्हटलं तर? बहुतेक क्लाउडची आभासी नेटवर्कं मल्टिकास्ट सहजासहजी वाहून नेत नाहीत. एडब्ल्यूएसने २०१९ च्या शेवटी ट्रान्झिट गेटवेमार्फत ती सोय दिली, पण ती वेगळी मांडून घ्यावी लागते. डॉकरच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कमध्येही बाहेरचं मल्टिकास्ट आत येत नाही, होस्ट नेटवर्क वापरावं लागतं.

पाऊलखूण
खटपट्या, गणित बरोबर आहे. पण त्यात दोन गोष्टी सुटताहेत. एक, मध्यस्थ मेला की त्याच्याखालची दहा यंत्रं एकदम आंधळी. चार नवे बिंदू तुम्ही सांभाळायला घेतलेत. दुसरं, टीसीपीत पब एकामागून एक प्रत्येक जोडणीवर लिहितो, पहिल्याला आणि चाळिसाव्याला तोच मेसेज वेगवेगळ्या वेळी मिळतो. सगळ्या यंत्रांना एकाच क्षणी तेच मोजमाप दिसायला हवं असेल तर प्रत बनवण्याचं काम स्विचच्या हार्डवेअरला देणं कधीही सरस. शेअर बाजारांचे भाव याच कारणासाठी मल्टिकास्टने पसरवले जातात. नॅसडॅकचं मोल्डयूडीपी६४ घ्या: साध्या यूडीपी मल्टिकास्टवर अनुक्रमांक लावलेले मेसेज, आणि सुटलेले परत मागायला वेगळा सर्व्हर.

खटपट्या
अनवट यांना तो एकाच क्षणाचा मुद्दा लागू आहे का, ते त्यांनीच सांगावं. नसेल तर माझं मत कायम.

अनवट
आहे. सगळी यंत्रं एकाच मोजमापावर निर्णय घेतात, थोडंफार अंतर चालतं पण जितकं कमी तितकं चांगलं. सगळ्यांना सगळा डेटा हवा आहे, त्यामुळे गाळणीचा तोटा आम्हाला नाही. क्लाउडवर जाणं सध्या नाही.

रेट ४०,००० केला, दोन्हीकडे, बाइंडच्या आधी. पहिला त्रास गेला! क्रमांकात एकही उडी नाही. बिनधागा, मनापासून आभार. गप्प होणारी यंत्रं मात्र अजून तशीच.

बिनधागा
छान. आता मेमरीचं गणितही करून ठेवा. खिडकी म्हणजे रेट गुणिले रिकव्हरीचा काळ. ४० मेगाबिट गुणिले १० सेकंद, भागिले ८, म्हणजे ५० मेगाबाइट. काहीच नाही. पण दोन्ही आकडे बिनधास्त वाढवू नका. दस्तऐवजातच उदाहरण आहे: १ गिगाबिटला एक मिनिटाची खिडकी ठेवली तर ७ जीबी मेमरी लागते.

तारायंत्र
दुसऱ्या त्रासाबद्दल. चार-सव्वाचार मिनिटं वाचताच मला २६० हा आकडा आठवला. तुमच्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू आहे आणि नेटवर्कवर क्वेरियर नाही, असं माझं निदान.

यंत्र मल्टिकास्ट समूहात सामील होतं तेव्हा ते आयजीएमपी या समूह-सदस्यत्वाच्या प्रोटोकॉलचा एक रिपोर्ट पाठवतं. स्नूपिंग करणारा स्विच तो वाचून लक्षात ठेवतो की या पोर्टला हा समूह हवा आहे, आणि तेवढ्याच पोर्टांना प्रती देतो. पण ही नोंद कायमची नसते. क्वेरियरने दर १२५ सेकंदांनी 'अजून कुणाला हवंय?' असं विचारायचं आणि यंत्रांनी हो म्हणायचं अशी रीत आहे. दोन वेळा विचारून झालं, वर उत्तरासाठी १० सेकंद थांबून झालं आणि तरीही कुणी बोललं नाही, तर नोंद पुसली जाते. १२५ दुणे २५०, अधिक १०. क्वेरियरच नसेल तर प्रश्नच विचारला जात नाही, मग यंत्रं उत्तर कशाला देतील? प्रोसेस पुन्हा सुरू केल्यावर नवा रिपोर्ट जातो, म्हणून परत २६० सेकंद चालतं.

सहसा क्वेरियर म्हणजे मल्टिकास्ट राउटर असतो. सपाट नेटवर्कमध्ये राउटर नसतो, तेव्हा ते काम एखाद्या स्विचला द्यावं लागतं. बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये तशी सेटिंग असते. गप्प होणाऱ्या यंत्रावर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून फक्त आयजीएमपी बघा. पाच मिनिटांत एकही क्वेरी दिसली नाही तर शंका उरणार नाही.

काही यंत्रं गप्प होतात आणि काही नाही, याचा अर्थ सगळी यंत्रं एकाच स्विचवर नसावीत.

ढोबळमान
बापरे! मी असल्या वेळी आठवडाभर स्वतःच्याच कोडमध्ये शोधत बसलो असतो.

सायंतारा
तारायंत्र यांच्याशी सहमत, फक्त एक धोका सांगते. असल्या वेळी लोक वैतागून स्नूपिंगच बंद करतात. त्रास लगेच जातो, पण मग स्विच मल्टिकास्टला ब्रॉडकास्टसारखं वागवतो, प्रत्येक पोर्टवर ३२ मेगाबिट ओततो, संबंध नसलेल्या यंत्रांवरही. त्यात कुठे वाय-फायचा अॅक्सेस पॉइंट जोडलेला असेल तर फारच वाईट. वाय-फायवर मल्टिकास्ट फ्रेमला पोचपावती नसते, हरवली तर पुन्हा पाठवली जात नाही, आणि ती सगळ्यांना ऐकू जावी म्हणून सहसा कमी वेगाच्या बेसिक रेटने पाठवतात. म्हणजे हवेतला बराचसा वेळ तीच खाते आणि बाकीच्यांचं काम अडतं.

अनवट
वाय-फायचा विषय निघालाच आहे तर: दोनचार लॅपटॉपवर हाच प्रवाह पाहायला मागताहेत.

पाऊलखूण
त्यांना मल्टिकास्टमध्ये मुळीच घेऊ नका. पीजीएममध्ये दुरुस्ती सगळ्या समूहाला जाते हे वर लिहिलंय. एक अशक्त ग्राहक सतत काहीतरी हरवत राहिला आणि सतत नॅक पाठवत राहिला, तर त्याच्या दुरुस्त्यांचा भार उरलेल्या सगळ्यांवर पडतो. अशा ग्राहकाला जाणकार 'रडकं बाळ' म्हणतात. वाय-फायवरचा लॅपटॉप हा त्याचा आदर्श नमुना.

उपाय सोपा आहे आणि या लायब्ररीची ही गोष्ट मला फार आवडते: एकच पब सॉकेट एकापेक्षा जास्त पत्त्यांवर बाइंड करता येतो. ईपीजीएम आणि टीसीपी दोन्हीवर करा. तारेवरची चाळीस यंत्रं मल्टिकास्टवर, लॅपटॉप टीसीपीवर. पाठवणाऱ्या कोडमध्ये एक ओळ वाढते.

हळू चालणारा प्रोग्रामही रडकं बाळ होऊ शकतो बरं का, तार कितीही चांगली असली तरी. ग्राहकाने मेसेज उचलले नाहीत की त्याची रांग भरते, मग पॅकेटं कर्नलच्या बफरमध्ये तुंबतात आणि तिथून सांडतात. लिनक्सवर नेट.कोअर.आरमेम_मॅक्स (या बफरच्या कमाल आकाराचा आकडा) अनेक ठिकाणी २,१२,९९२ बाइटच असतो, ३२ मेगाबिटच्या प्रवाहाला तो जेमतेम ५० मिलिसेकंद पुरतो. तो वाढवा आणि यूडीपीच्या आकडेवारीत रिसीव्ह बफर एरर वाढतात का, त्यावर नजर ठेवा.

दशांश
अवांतर: २३९.१९२.१.१ हा पत्ता चांगला निवडलाय. आयपी मल्टिकास्ट पत्त्यातले फक्त खालचे २३ बिट इथरनेटच्या, म्हणजे मॅक पत्त्यात उतरतात, त्यामुळे ३२ वेगवेगळे समूह एकाच मॅक पत्त्यावर येतात. उदाहरणार्थ २३९.६४.१.१ आणि तुमचा पत्ता इथरनेटच्या पातळीवर सारखेच. म्हणूनच २३९.०.०.काहीही आणि २३९.१२८.०.काहीही हे पत्ते टाळावेत. ते २२४.०.०.काहीही या राखीव पट्ट्याच्या मॅक पत्त्यांवर जाऊन बसतात, आणि तो पट्टा स्विच स्नूपिंग न करता सगळीकडे सोडतात.

ओंजळ
ईपीजीएमच का घेतलं? नुसतं पीजीएम का नाही? आणि नॉर्म या दुसऱ्या मल्टिकास्ट प्रोटोकॉलबद्दल कुणीच बोललं नाही.

बिनधागा
शुद्ध पीजीएम थेट आयपीवर चालतं, प्रोटोकॉल क्रमांक ११३. त्यासाठी रॉ सॉकेट लागतो आणि रॉ सॉकेटला रूटसारखे अधिकार. ईपीजीएम म्हणजे तीच पॅकेटं यूडीपीत गुंडाळलेली, त्यामुळे साधी प्रोसेस चालते. मात्र दोन्हींची एकमेकांशी बोलणी होत नाहीत, सगळीकडे एकच हवं.

नॉर्म म्हणजे आरएफसी ५७४०, नोव्हेंबर २००९. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने बनवलेली त्याची अंमलबजावणी लिबझेडएमक्यूला जोडता येते, बिल्ड करताना विथ-नॉर्म द्यायचं. नॅकचं तत्त्व तेच. प्रोटोकॉलमध्ये गर्दीनुसार वेग आवरण्याची सोय आहे आणि हरवलेलं भरून काढायला आगाऊ जादा दुरुस्तीची माहिती पाठवण्याचीही. नेटवर्क आपल्या ताब्यात नसेल तर मी नॉर्मकडे आधी बघेन. इथे स्विच त्यांचेच आहेत आणि वेग ठरलेला आहे, तेव्हा ईपीजीएम ठीक.

खटपट्या
मला अजून एक कळत नाही. मधेच यंत्र रीस्टार्ट झालं तर त्याला आधीची स्थिती कुठून मिळणार? पीजीएम तर जुळल्यापासून पुढचंच देतं.

पाऊलखूण
हा प्रश्न हवाच होता, आणि टीसीपीवरच्या पब-सबलाही तो तितकाच लागू आहे. झीरोएमक्यूच्या मार्गदर्शिकेत 'क्लोन' नावाचा पॅटर्न आहे, तोच घ्या. मल्टिकास्टशेजारी टीसीपीवर एक राउटर सॉकेट (झीरोएमक्यूचा मागणीला उत्तर देणारा सॉकेट, नेटवर्कचा राउटर नव्हे) ठेवा. नवा ग्राहक आधी मल्टिकास्ट ऐकायला लागतो आणि आलेलं बाजूला साठवतो. मग राउटरकडून चालू स्थितीची प्रत मागतो, ती कुठल्या अनुक्रमांकापर्यंतची आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं. साठवलेल्यातलं त्या क्रमांकापर्यंतचं टाकून द्यायचं, पुढचं लावायचं. क्रम महत्त्वाचा: आधी ऐकायला लागा, मग प्रत मागा. उलट केलंत तर मधलं निसटेल.

हीच वाट खिडकीबाहेरच्या गळतीलाही चालते. अनुक्रमांकात उडी दिसली की पुन्हा प्रत मागायची. म्हणजे छोटी गळती पीजीएम भरेल आणि मोठी तुमचा प्रोग्राम.

खटपट्या
हे पटलं. या मांडणीत मल्टिकास्टला माझा विरोध नाही. मात्र एका स्विचचा वीजपुरवठा गेला आणि वीस जणांनी एकदम प्रत मागितली तर राउटर कोलमडायला नको. मागण्याआधी प्रत्येकाला थोडा यादृच्छिक वेळ थांबवा, पीजीएम नॅकच्या आधी थांबतं तसं.

अनवट
टीसीपीडंप लावला. तारायंत्र, तुमचं निदान अचूक निघालं. गप्प होणारी सगळी यंत्रं दुसऱ्या स्विचवर आहेत, तिथे स्नूपिंग चालू आहे आणि क्वेरी एकही नाही. पहिल्या स्विचवर स्नूपिंग बंदच होतं, म्हणून तिथे सगळं चालत होतं. आता दोन्हीवर स्नूपिंग चालू करून पहिल्यावर क्वेरियर नेमला. यंत्रं कालपासून अखंड चालू आहेत, ३२ मेगाबिटवर, पब्लिशरची तार जवळजवळ रिकामी.

लॅपटॉप टीसीपीवर हलवले. क्लोनची बाजू लिहायला घेतली आहे, खटपट्यांची सूचना त्यात घालतोय. एकच प्रश्न उरला: क्वेरियरवाला स्विच बंद पडला तर?

तारायंत्र
दुसऱ्या स्विचवरही क्वेरियर चालू ठेवा. दोघे भांडत नाहीत. ज्याचा आयपी पत्ता लहान तो काम करतो, दुसरा त्याच्या क्वेऱ्या ऐकत गप्प बसतो आणि त्या थांबल्या की स्वतः विचारायला लागतो. दोन्हींना आयपी पत्ता दिलेला आहे ना ते मात्र तपासा. पत्ता नसला की काही स्विच ०.०.०.० वरून क्वेरी पाठवतात, आणि ती धरून चालण्याबाबत सगळी उपकरणं सारखी वागत नाहीत.